बर्निसची सही

बर्निसने पेनाला हात लावला नाही.

लोरेनने ते पेन मुद्दाम तिच्या ताटाशेजारी ठेवलं होतं... निळ्या-सोनेरी रंगाचं, वर कॉलेजचं नाव कोरलेलं. लोरेन आणि तिचा नवरा पोरीला घेऊन ते कॉलेज बघायला गेले होते, तेव्हा तिथल्याच दुकानातून बावीस डॉलर मोजून आणलेलं. ज्या कॉलेजला अजून एक पैसा भरला नव्हता, त्याचं पेन घरात होतं, कप होते, दोघा नवरा-बायकोच्या अंगावर त्याच्या नावाचे सदरे होते आणि बाहेर हिरवळीत दोन हात उंचीची पाटी रोवलेली होती. "आमची कोरिन, भावी मेकॅनिकल इंजिनियर!" अशी. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसावी म्हणून लोरेनने गुलाबाची झुडपंसुद्धा छाटून टाकली होती.

"जिथं पिवळी चिठ्ठी लावलीय ना, तिथं सही कर, बर्नी," लोरेन म्हणाली. "जामीनदाराच्या रकान्यात. बाकी सगळं मी भरलंय."

"मी सही करणार नाही," बर्निस म्हणाली.

लोरेनचा नवरा ड्वेन पियेरोगीवर, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांवर, परतलेला कांदा वाढून घेत होता, त्याचा चमचा तसाच हवेत राहिला. त्याची सही बँकेला चालली असती तर बर्निसला या रविवारच्या जेवणाचं आमंत्रणच आलं नसतं. पण ड्वेनने मागे सरोवराकाठी बोटी विकायचं दुकान काढलं होतं, आणि त्यातली एकही बोट जितक्या झपाट्याने बुडाली नसती तितक्या झपाट्याने ते दुकान बुडालं होतं. न खपलेली एक बोट अजून अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. तेव्हापासून त्याच्या सहीला एरी शहरातली कुठलीच बँक विचारत नव्हती. बर्निसचं मात्र सगळं स्वच्छ होतं. ती लोरेनची थोरली बहीण, बिनलग्नाची, छत्तीस वर्षं एकाच कारखान्यात प्लॅस्टिकच्या झाकणांचे पोलादी साचे बनवणारी. घर फिटलेलं, डोक्यावर कसलंही देणं नाही.

"का?" लोरेनने विचारलं. तिचे कान लाल व्हायला लागले होते.

"कारण हा सौदा वेडेपणाचा आहे. चार वर्षांत एक लाख छत्तीस हजारांचं कर्ज. आणि बाहेर पडल्यावर पगार किती? आपल्या गावच्या टेकडीवरच्या सरकारी कॉलेजातून हीच पदवी घेणाऱ्या पोरापेक्षा वर्षाला दोन हजार जास्त. तिथं घरी राहून सत्तावीस हजारांत काम होतं. मी जन्मभर साचे बनवतेय, लोरेन. झाकणं विकून साच्याची किंमत निघणार नसेल तर तो साचा कुणी शहाणा माणूस बनवून घेत नाही."

"माझी पोर म्हणजे काय प्लॅस्टिकचं झाकण आहे?"

"नाही. म्हणूनच म्हणतेय."

"टेकडीवरच्या कॉलेजात!" लोरेनने नाक मुरडलं. "जिथं ज्याला कुठंच जागा मिळत नाही तो जातो. तुझ्या पोटात दुखतंय, बर्नी. तुला कधी कुणी कॉलेजात ये म्हटलं नाही. तू आयुष्यभर तेलात हात घातलेस, आता वाटतंय हिनंही तेच करावं. स्वतःचं पोर असतं तर कळलं असतं तुला."

बर्निसने रुमालाने तोंड पुसलं. तिच्या मनात बरंच काही आलं. बोटीच्या दुकानासाठी तिनेच दिलेले आणि कधी परत न मागितलेले आठ हजार आले, लोरेनच्या लग्नातला झगा आला. पण तिने फक्त एकदा टेबलापलीकडे पाहिलं. कोरिन काट्याने कांद्याचा एक तुकडा ताटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ढकलत होती. पोरीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता... आणि तो का नव्हता हे त्या घरात एकट्या बर्निसला ठाऊक होतं.

तीन दिवसांपूर्वी दुपारच्या सुट्टीत कोरिन कारखान्याच्या फाटकाशी उभी होती. बर्निसच्या जुन्या ट्रकमध्ये बसून तिने दप्तरातून आलेखाचा कागद काढला. मधोमध रेघ मारून दोन्ही कॉलेजांचा हिशोब मांडलेला. सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक पदवीचा पगार आणि कर्ज छापलेलं असतं. तेवढ्यावर न थांबता पोरीने दोन्हीकडच्या सातआठ माजी विद्यार्थ्यांना फोनही केले होते.

"चोची, त्याच कंपन्या दोन्हीकडे येतात," ती म्हणाली. मावशीला चोची म्हणायची त्या पोलिश घरांतली रीत होती. "इकडे महिन्याचा हप्ता तीनशेच्या आत आणि तिकडे सोळाशे. हातात येणार साडेचार हजार. मी दहा वर्षं काय खाऊ?"

बर्निसने कागद दोनदा वाचला. कुठे चूक सापडली नाही. तिला मनातून इतका अभिमान वाटला की तो लपवायला तिने खिडकीबाहेर बघितलं. "मग आईला सांग."

"मॉमने पाटी लावलीय."

"पाटी?"

"चर्चच्या पत्रकातसुद्धा छापून आणलंय. फादरनी वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता मी नको म्हटलं तर ती रडेल, मग बाबांना बोलेल, बोट काढेल, दुकान काढेल... ती बाबांना खाऊन टाकेल, चोची. मला नाही जमणार."

सतरा वर्षांची, गणितात पहिली येणारी मुलगी, आणि एका पुठ्ठ्याच्या पाटीला भिऊन दीड लाखाच्या खड्ड्यात उडी मारायला निघालेली. बर्निसला या घराण्याचाच तिटकारा आला. पण कोरिनचे कान लाल झाले होते, अगदी लहानपणीच्या लोरेनसारखे, आणि त्या लाल कानांपुढे बर्निसचं कधीच काही चाललं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "मग खापर माझ्या माथ्यावर फोड. मी सही करत नाही. जामीन नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर ते कॉलेज नाही. मग टेकडीवर जाण्यावाचून इलाजच काय?"

"ती तुला काय काय म्हणेल..."

"म्हणू दे."

"मी सांगेन तिला. सगळं खरं सांगेन. एकदा वर्ग सुरू झाले, ती शांत झाली की. नाताळच्या जेवणाआधी, चोची. शप्पथ."

आणि आता ती शप्पथ घेतलेली पोर कांदा ढकलत बसली होती. लोरेन उठून उभी राहिली, तिने खुर्चीवरचा बर्निसचा कोट उचलला आणि तिच्या हातात कोंबला. "तू माझ्या मुलीचे पंख कापलेस. पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस."

बर्निस बाजूच्या दाराने बाहेर पडली. हिरवळीवरून जाताना ती पाटी तिच्या कोटाला घासली.

त्यानंतर लोरेनने ही कथा गावभर अशी काही सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, बर्निसने पाळण्यातलं पोर नदीत सोडलं. मासेबाजारात सांगितली, केस कापायच्या दुकानात सांगितली, चर्चच्या पायऱ्यांवर तर दर रविवारी सांगितली. कोरिन ऑगस्टमध्ये टेकडीवरच्या कॉलेजात जाऊ लागली. त्या कॉलेजची पाटी कुणी लावली नाही. जुनी पाटी ड्वेनने उपटली आणि बोटीच्या ताडपत्रीला टेकू म्हणून लावली. निदान काही उपयोगाला तरी आली.

बर्निस नाताळची वाट बघत राहिली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण हे त्यांच्या घरचं वर्षातलं सगळ्यांत पवित्र जेवण. पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी बसायचं नाही. बसल्यावर आधी चर्चमधून आणलेली कागदाइतकी पातळ पांढरी पापडी मोडायची. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने सुरुवात करायची, मग प्रत्येकाने प्रत्येकाच्या पापडीचा तुकडा मोडून घ्यायचा आणि वर्षभराचं काय असेल ते माफ करून टाकायचं. शिवाय टेबलावर एक ताट जास्तीचं, रिकामं. वाट चुकून दारी आलेल्या अनोळखी पाहुण्यासाठी. आईवडील गेल्यापासून सुरुवात बर्निस करत होती.

त्या पहिल्या वर्षी तिने खसखशीची गुंडाळी भाजली, निळ्या सदऱ्याला इस्त्री केली आणि चार वाजल्यापासून फोनशेजारी बसून राहिली. चांदणी निघाली, मग इतक्या चांदण्या निघाल्या की पहिली कुठली तेही कळेना. फोन वाजला नाही. शेवटी तिने चर्चच्या पाकिटातली आपली पापडी एकटीनेच मोडली. पाकिटात एक गुलाबी पापडीही असते, ती गोठ्यातल्या जनावरांसाठी. बर्निसकडे गोठा कुठला? तिचं म्हातारं मांजर स्टॅश, त्याने ती हुंगली आणि तोंड फिरवलं.

अनोळखी पाहुण्यासाठी ताट मांडायचं, आणि दोन गल्ल्या पलीकडे सख्खी बहीण एकटी बसलीय तिची आठवण काढायची नाही... काय ही भक्ती! बर्निस स्वतःशीच हसली, आणि मग हसता हसता तिला जे रडू आलं ते बराच वेळ थांबलं नाही.

दुसरा नाताळ गेला. तिसरा गेला. कोरिनने सुरुवातीला दोनचार निरोप पाठवले, "लवकरच सांगते" असे, पुढे तेही बंद झाले. बर्निसने आठवण करून दिली नाही. जिला स्वतःची शप्पथ आठवत नाही तिच्यापुढे हात पसरायचा? तिचा ताठा तिला ते करू देईना. तिला लोरेनचा राग येत नव्हता. लोरेन मूर्ख होती आणि मूर्ख माणसाची फसगत होतेच. तिला कोरिनचा तिरस्कार वाटू लागला होता, आणि ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं तिचा तिरस्कार वाटतो म्हणून स्वतःचाही.

चौथ्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या एका शुक्रवारी, मांस वर्ज्य म्हणून, चर्चच्या तळघरात माशाचं जेवण होतं. बर्निस तबक घेऊन रांगेतून बाहेर आली तर पुढच्याच टेबलावर लोरेन पाठमोरी बसलेली. तीच कथा चालली होती. "...आणि एका सहीसाठी, बायांनो, फक्त एका सहीसाठी!" समोरच्या बाईने कोरिनकडे वळून विचारलं, "खरंच गं? सख्ख्या मावशीनं असं केलं?"

कोरिनने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "चोची अशीच आहे," ती म्हणाली.

बर्निस तबक तिथेच खिडकीत ठेवून घरी आली. तिने त्या दिवसापासून मनातून त्या मुलीचं नाव पुसून टाकलं. निदान तसं तिने स्वतःला सांगितलं.

सहीच्या त्या रविवारनंतर साडेचार वर्षांनी, डिसेंबरात, कोरिनला पदवी मिळाली. मध्ये दोन सत्रं तिने कारखान्यात उमेदवारी केली होती म्हणून अर्धं वर्ष जास्त लागलं. रेल्वे इंजिनांचे भाग बनवणाऱ्या त्याच कारखान्यात सत्तर हजारांची नोकरीही ठरली. बर्निसला हे सगळं स्थानिक वर्तमानपत्रातून समजलं. तिने ते पान नीट घडी घालून स्टॅशच्या भांड्याखाली अंथरलं. दुसऱ्या दिवशी ते काढून, पुसून, कपाटात ठेवलं.

मग नाताळची आदली संध्याकाळ आली. सरोवरावरून बर्फ येत होतं. बर्निस स्वयंपाकघरात बाटलीतले खारवलेले मासे बशीत काढत होती, तेवढ्यात दार वाजलं. पुढचं नव्हे, बाजूचं, घरच्या माणसांनी वापरायचं. साडेचार वर्षांत ते दार कुणी वाजवलं नव्हतं.

दारात लोरेन उभी होती. पायात घरातल्या सपाता, एप्रनवर कोट चढवलेला, हातात रुमालाने झाकलेली बशी. तिच्यामागे, वाटेवरच्या बर्फात, कोरिन. डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती.

"इतकी वर्षं," लोरेन म्हणाली. "इतकी वर्षं तू मला मूर्ख बनवलंस."

"मला फार कष्ट पडले नाहीत," बर्निस म्हणाली.

"हिनं आज पापडी घेतली नाही माझ्या हातातून. सगळे बसलो होतो. मी नुसतं एवढंच म्हणाले की उमेदवारीत तुझ्या शेजारच्या टेबलावर तो ट्रेंट बसायचा ना, तो त्या मोठ्या कॉलेजचा आहे, तू तिथं गेली असतीस तर आज त्याची साहेब असतीस. तर ही म्हणते, त्याला माझ्याएवढाच पगार आहे, तो महिन्याला सोळाशे भरतो आणि आईच्या तळघरात झोपतो. आणि म्हणते, सुरुवात मोठ्या माणसानं करायची असते, आणि मोठं माणूस दोन गल्ल्या पलीकडे बसलंय... आणि मग सगळंच सांगितलं. ट्रक, कागद, सगळं."

"तू थांब," बर्निस म्हणाली. "तिला बोलू दे. तिला तोंड आहे."

कोरिन पुढे आली नाही. होती तिथूनच बोलू लागली. "पहिल्या नाताळला मी कोट घालून दारापर्यंत आले होते, चोची. तुझ्याकडे येऊन, तुला घेऊन जाऊन, तिथंच सांगणार होते. मॉमनं विचारलं कुठं चाललीस, आणि मी म्हटलं, कचरा टाकायला. आणि खरंच कचरा टाकून परत आले." तिने बाहीने नाक पुसलं. "मग जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. मग मला तुझाच राग यायला लागला. वाटायचं, ही का गप्प बसलीय, ही का येऊन भांडत नाही... आणि त्या शुक्रवारी, चर्चमध्ये..."

"पुरे."

"मला माहीत होतं तू मागे उभी आहेस. मी तुला तबक घेऊन येताना पाहिलं होतं. आणि तरी मी ते म्हणाले."

साडेचार वर्षांत बर्निसने या पोरीविषयी जे जे वाईट मनात आणलं होतं, त्यात हे नव्हतं. त्या शब्दांनी काळजात काही तरी तुटल्यासारखं झालं. आणि विचित्र म्हणजे त्याच क्षणी मनावरचं कसलं तरी ओझंही उतरलं. कुणीतरी अखेर, काहीही न राखता, खरं बोललं होतं.

"तू मला का नाही सांगितलंस?" लोरेन रडत म्हणाली. "तू तरी सांगायचंस."

"तू विचारलंस का?" इतका वेळ धरून ठेवलेला बर्निसचा आवाज फुटला. "एकदा तरी विचारलंस, की जिनं तुझ्या लग्नाचा झगा शिवला, तुझ्या नवऱ्याच्या बोटीत आठ हजार बुडवले आणि तोंडातून ब्र काढला नाही, ती बर्नी एका सहीला नाही का म्हणेल? तुला एक दिवससुद्धा शंका आली नाही. मी वाईट आहे हे तुला लगेच पटलं, लोरेन... ते मला लागलं. बाकीचं नाही."

लोरेनने बशी दोन्ही हातांनी धरली. रुमालावर बर्फ साचत होतं. "ते सोपं होतं," ती हळूच म्हणाली. "ड्वेनच्या सहीला किंमत नाही, आमच्याच्यानं पोरीला शिकवणं होत नाही, हे चार लोकांत कबूल करण्यापेक्षा तुला वाईट ठरवणं सोपं होतं. मला माफ कर, बर्नी."

बर्निसने हात पुढे केला, रुमाल उचलला आणि बहिणीच्या पापडीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. लोरेनने दारातच तिच्या गळ्यात पडून इतक्या जोरात हुंदका दिला की शेजारच्या घरातला दिवा लागला. बशी कशीबशी कोरिनने येऊन धरली.

"आणि मी?" तिने विचारलं.

बर्निस आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात चर्चचं पाकीट होतं. तिने त्यातून गुलाबी पापडी काढली आणि भाचीपुढे धरली.

"ही जनावरांची आहे," लोरेन डोळे पुसत म्हणाली.

"ठाऊक आहे मला. आजच्या रात्री जनावरंसुद्धा माणसासारखी बोलतात, असं आपली आई सांगायची ना? त्यांना एक रात्र पुरते. या बाईसाहेबांना पाच नाताळ लागले."

कोरिन रडता रडता हसली. तिने एक कोपरा मोडून घेतला आणि खाल्ला, आणि दुसरा कोपरा मोडून, मान खाली घालून, मावशीपुढे धरला. बर्निसने तिला थोडा वेळ तसंच उभं ठेवलं, मग तो तुकडा घेतला. त्याला कसलीच चव नव्हती, पांढरीलाही नसते.

लोरेनच्या घरी बीटचं सार थंड झालं होतं. ड्वेन टेबलाशी उभाच होता, माणसं परत येईपर्यंत बसायचं की नाही हेसुद्धा त्याला ठरवता आलं नसावं. बर्निसला बघून त्याने गडबडीने खिडकीजवळची खुर्ची मागे ओढली. तिच्यापुढे ते रिकामं ताट मांडलेलं होतं, चकचकीत, नक्षीचं, शेजारी घडी घातलेला रुमाल.

"बस ना, बर्नी. जागा आहेच."

बर्निस बसली नाही. कोटसुद्धा काढला नाही. "ती अनोळखी पाहुण्याची जागा आहे, ड्वेन."

"हो, पण रिकामीच आहे की..."

"तो आला तर त्याला लागेल," बर्निस म्हणाली. "मला माझं ताट हवंय."

लोरेन स्वयंपाकघरात गेली. नक्षीची ताटं सगळी मांडून झाली होती; तिने रोजच्या वापरातलं एक पांढरं ताट धुऊन, पुसून आणलं. कोरिनने तळघरातून घडीची खुर्ची आणली. सगळ्यांना सरकावं लागलं, ड्वेनचं कोपर भिंतीला टेकलं, साराचं भांडं मध्ये मावेना म्हणून ते शेगडीवर परत गेलं. तेव्हा कुठे बर्निसने कोटाची बटणं सोडली.

"सुरू कर," लोरेन म्हणाली आणि बशी तिच्यापुढे सरकवली. "तू मोठी आहेस."